वाराची भाकरी

पूर्वी, म्हणजे इतक्या पूर्वी की तुमच्या पणजोबांच्या पणजोबांनीही ही गोष्ट दुसऱ्या कुणाकडून ऐकली असेल, एका डोंगराच्या पायथ्याशी एक नगर होतं. नगराला वेस होती, वेशीपाशी चौकी होती, आणि चौकीत एक म्हातारा कोतवाल राहत होता.

त्या नगरात एक चाल होती. चौकीतल्या शिपायांना पगार नसे. नगरातली घरं त्यांना आळीपाळीनं भाकरी घालत. ज्या घराचा वार असेल, त्या घरची बाई दुपारी टोपली घेऊन येई आणि पहिली भाकरी कोतवालाच्या हातात ठेवी. सावकार असो की सरपण विकणारा, वार कुणालाच चुकला नव्हता. लोक म्हणत, "राखण आपली, तर भाकरीही आपलीच."

कोतवालाची बायको फार पूर्वीच वारली होती. मूलबाळ नव्हतं. एका जत्रेत त्याला एक रडणारं पोर सापडलं. जत्रा उठली, पालं मोडली, बैलगाड्या गेल्या, पण पोराला न्यायला कुणीच आलं नाही. कोतवालानं त्याला खांद्यावर घेतलं आणि चौकीत आणलं. पोर तिथंच वाढलं, तिथंच मोठं झालं आणि तिथंच शिपाई झालं. नगरात त्याला सगळे धाकटा शिपाई म्हणत. तो कोतवालाला आबा म्हणे.

कोतवालाचे दात लवकर पडले. त्यामुळे बापलेकांची वाटणी ठरून गेली होती. भाकरीचा वरचा मऊ पापुद्रा आबाचा, खालची जाड बाजू पोराची. रोज दुपारी ते दोघं चौकीच्या ओट्यावर बसत, पोर हलक्या हातानं पापुद्रा सोडवी आणि म्हाताऱ्यापुढं ठेवी. म्हाताऱ्याच्या साऱ्या आयुष्यात सुखाची म्हणावी अशी तेवढीच गोष्ट होती. तेवढी पुरेही.

आता त्या नगराची एक वाईट खोड सांगतो. चांगल्या नगरालाही एखादी असतेच.

नगरात कुणी गुन्हा केला तर त्याचा निवाडा पिंपळाच्या पारावर होई. निवाडा करायला नगरातली सगळ्यांत म्हातारी सुईण बसे. निम्म्या नगराला तिनंच जगात आणलं होतं; तिला कुणाची भीड पडत नसे. पण शिपायाचं काही चुकलं, तर ते पारापर्यंत जातच नसे. चौकीचं दार लागे, आतून कडी पडे, आणि व्हायचं ते आत होई. बऱ्याचदा काहीच होत नसे.

धाकट्यानं एकदा भर बाजारात एका म्हाताऱ्या कासाराला थोबाडीत मारली होती. कारण काय, तर तो वाटेतून लवकर बाजूला झाला नाही. कोतवालानं त्याला चौकीत नेलं, कडी घातली, तो खूप रागावला, आणि शेवटी हातावर गुळाचा खडा ठेवून म्हणाला, "पुन्हा असं करू नकोस. जाऊ दे. घरातलं घरात राहू दे."

पोरानं गूळ खाल्ला. शिकायचं ते तो शिकला.

पुढं नगराच्या उत्सवाचे दिवस आले. देवाचा रथ ओढणाऱ्या बैलाच्या गळ्यात चांदीची घुंगुरमाळ असे. ऐन उत्सवाच्या तोंडावर ती माळ नाहीशी झाली. त्या सकाळी गोठ्यात वैरणीच्या टोपल्या पोचवायला एक बुरूड आला होता. बांबू चिरायचा, टोपल्या, सुपं विणायची, आणि संध्याकाळी बायकोमुलीसोबत अंगणात बसायचं, एवढंच त्याचं जग. कोतवाल त्या दिवशी नदीच्या उताराकडं गेला होता. धाकट्या शिपायानं बुरुडाला धरलं आणि चौकीत आणलं.

"माळ कुठंय?"

"मी नाही घेतली, दादा."

"कबूल कर."

"जे केलं नाही, ते कबूल कसं करू?"

दाराला आतून कडी पडली. बाकीचे शिपाई ओट्यावर बसून राहिले. बुरुडाची बायको धावत आली, दार ठोठावत राहिली, हाका मारत राहिली. ओट्यावरचे शिपाई दुसरीकडं बघत होते. दार उघडलं तेव्हा बुरुडाच्या दोन्ही हातांची बोटं काठीखाली ठेचली गेली होती.

आणि माळ? माळ त्याच संध्याकाळी सापडली. बैलाच्याच गव्हाणीत, कडब्याखाली पडली होती. दोरा कुजून तुटला होता. साऱ्या नगरात शोधाशोध झाली, पण बैलाच्या पुढ्यात बघायचं कुणाला सुचलं नाही.

कोतवाल परत आला तेव्हा सगळे शिपाई एका सुरात म्हणाले, "बुरूड पायऱ्यांवरून घसरला."

कोतवाल म्हातारा होता, खुळा नव्हता. पायऱ्यांवरून घसरणाऱ्याचे गुडघे फुटतात. दोन्ही हातांची सगळी बोटं नाही फुटत. त्यानं धाकट्याला आत बोलावलं आणि स्वतःच्या हातानं कडी घातली.

"तू केलंस?"

"हो, आबा. तो कबूलच करेना."

"कबूल करेना म्हणजे त्यानं केलंच नसेल, हे तुझ्या डोक्यात आलं नाही?"

पोर म्हणालं, "मी नगरासाठीच केलं ना? तुम्हीच सांगायचात, शिपायाचा धाक हवा."

"धाक चोराला हवा रे. टोपल्या विणणाऱ्याला कशाला?"

पुढं काय करायला हवं ते कोतवालाला ठाऊक होतं, पण ते त्याच्या तोंडून निघेना. हे पारावर गेलं तर पोर जाणार. पोर गेलं तर दुपारी ओट्यावर समोर कोण बसणार? डोळे मिटून तो पुटपुटला, "झालं ते झालं. बाहेर बोलू नकोस."

कुणी बोललं नाही. नगरात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि कुणीच बोललं नाही. उत्सव झाला. बैल माळ घालून मिरवला. बुरुडाच्या अंगणात बांबू उन्हात पडून वाळून गेले.

असे काही दिवस गेले आणि बुरुडाच्या घरचा वार आला.

आज कुणी येणार नाही, असंच सगळ्या शिपायांनी धरलं होतं. पण भर दुपारी बुरुडाची बायको टोपली घेऊन आली. टोपली जुनी होती, एका कडेला उसवलेली. नवी विणायला घरात हात नव्हते. तिनं डोईवरचा पदर सावरला, पहिली भाकरी काढली आणि कोतवालाच्या हातात ठेवली.

कोतवालाला तिच्याकडं बघवेना. "बाई," तो म्हणाला, "तू आज यायला नको होतंस."

"का नको? आमचा वार आहे. वार चुकवायचा नसतो."

"घरात कसं चाललंय?"

"त्यांना घास मी भरवते. पोरगी पाण्याचा पेला धरते." तिनं उरलेल्या भाकऱ्या ओट्यावर काढून ठेवल्या. "राखण आपली तर भाकरीही आपली, असं म्हणतात ना कोतवालसाहेब? मग एवढंच सांगा, आमची राखण कुणी करायची?"

असं म्हणून तिनं टोपली उचलली आणि ती गेली. आवाज चढवला नाही, की डोळ्यांतून टिपूस काढलं नाही.

धाकट्यानं सवयीनं पापुद्रा सोडवला आणि आबापुढं ठेवला. कोतवालानं घास तोंडात घातला. पापुद्रा मऊच होता, पण तो घास काही केल्या त्याच्या घशाखाली उतरेना. आयुष्यभर त्यानं या नगराचं अन्न खाल्लं होतं. कुठल्याच घासानं त्याला असा जाब विचारला नव्हता. त्यानं तो घास तोंडातून काढला, हातात धरला, आणि पोराकडं बघितलं. पोराच्या कपाळावर लहानपणी ओट्यावरून पडल्याची खूण होती. त्या जखमेला हळद कोतवालानंच लावली होती.

"ऊठ," तो म्हणाला. "पारावर चल."

"आबा?"

"चल."

धाकट्यानं त्याचे पाय धरले. म्हाताऱ्यानं ते सोडवून घेतले. हे सांगायला एक ओळ लागली. त्याला त्याकरता किती बळ लागलं असेल, ते ज्याला लेकरू आहे त्यानंच समजावं.

पारावर सगळं नगर लोटलं. सुईण आपल्या जागी येऊन बसली. पण कोतवाल नेहमीसारखा तिच्या शेजारी बसला नाही, तो समोर जाऊन उभा राहिला.

"मी याचा बाप आहे," तो म्हणाला. "बापाला लेकाचा निवाडा करता येत नाही. मी साक्ष देतो, निवाडा तू कर." आणि त्यानं सगळं सांगितलं. कासाराची थोबाडीत सांगितली, गुळाचा खडा सांगितला, पायऱ्यांची थाप सांगितली. स्वतः घातलेली कडीही सांगितली.

लगेच एक थोराड शिपाई पुढं आला. "आई, जरा विचार कर. आज याला शिक्षा दिलीस, तर उद्या आमच्यातला कोण चोरामागं धावेल? हात उगारायच्या आधी प्रत्येक जण शंभरदा कचरेल."

"कचरेल तर बरंच आहे की," सुईण म्हणाली. "हात उगारायच्या आधी कचरावंच माणसानं. धावताना नको कचरू, धावायला कुणी अडवलंय?"

मग गर्दीतून दुसरा आवाज आला. "बोटाला बोट! याचीही बोटं ठेचा!" बघता बघता सगळा पार तेच ओरडू लागला. आदल्या दिवसापर्यंत मूग गिळून बसलेलेच सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होते.

सुईणीनं हात वर केला. "गप बसा. तो बांधावरचा शेतकरी आठवतो का कुणाला? भांडणात शेजाऱ्याचा पाय मोडला होता त्यानं. त्याला काय दिलं होतं आपण?"

लोक जरा निवले. कुणीतरी म्हणालं, "तीन सुग्या त्यानं शेजाऱ्याचं शेत कसलं. आधी त्याचं, मग आपलं."

"त्याचा पाय ठेचला होता आपण?"

"नाही."

"मग याची बोटं कशाला ठेचू? हा शिपाई आहे म्हणून याला कमी नाही, आणि शिपाई आहे म्हणून जास्तही नाही. ज्यानं ज्याचे हात मोडले, त्यानं त्याचे हात व्हायचं. तीन सुग्या हा बुरुडाकडं राबेल. एक गोष्ट मात्र शेतकऱ्याकडं नव्हती ती याच्याकडं होती, काठी. ती आपण याला दिली होती, राखणीसाठी. ती परत घ्या. ती पुन्हा याच्या हातात कधी जायची नाही."

तिनं बुरुडाकडं बघितलं. "तुला चालेल का रे? अंगणात याचं तोंड बघायला लागेल."

बुरुडाचे हात फडक्यात गुंडाळलेले होते. "याची बोटं मोडून मला काय मिळणार, आई? मला टोपली विणायचीय," तो म्हणाला. "पण हा उंबऱ्याच्या आत नको. पोरगी घाबरते."

"नाही येणार आत." सुईण आता कोतवालाकडं वळली. "आणि कडी लावायला त्याला कुणी शिकवलं?"

"मी," कोतवाल म्हणाला. "माझी शिक्षाही सांग."

सुईणीनं बुरुडाच्या बायकोला पुढं बोलावलं. "तू सांग."

ती म्हणाली, "त्या दिवशी मी दार वाजवत होते. आत त्यांचं ओरडणं ऐकू येत होतं, आणि दार उघडत नव्हतं. मला दुसरं काही नको. ते दार काढा."

त्याच संध्याकाळी कोतवालानं चौकीचं दार बिजागऱ्यांतून सोडवलं. एकही शिपाई हात लावायला पुढं आला नाही. जाड सागवानी फळ्या होत्या. म्हाताऱ्यानं एकट्यानं ते दार वेशीतून ओढत नेलं आणि बुरुडाच्या अंगणात आडवं टाकलं. पुढं त्याच दारावर बांबू चिरले जाऊ लागले.

धाकट्याचे सुरुवातीचे दिवस वाईट गेले. तो बांबू उचली तेव्हा बुरूड दचकून मागं सरके. ते धाकट्याच्या ध्यानात आलं. मग तो बांबू आधी जमिनीवर ठेवी, रिकामे हात दाखवी, आणि तेव्हाच जवळ येई. बुरूड तोंडानं सांगे, धाकटा हातानं करी. बांबूची कामटी सोलताना त्याची बोटं कापत, रक्त येई. "पाण्यात भिजव आधी, मग वाकव," बुरूड म्हणे. ओरडून तो कधीच बोलला नाही. त्यानंच धाकट्याला जास्त लाजल्यासारखं होई.

आणि कोतवाल?

लोक वाटेत त्याच्या पायाला हात लावत आणि पुढं निघून जात. ओट्यावर येऊन बसत मात्र कुणी नसे. ज्यानं पोटच्या पोरासारख्या पोरावर साक्ष दिली, तो उद्या आपल्यावरही देईल, असं प्रत्येकाच्या मनात येई. चांगल्या माणसाचं कौतुक लोक लांबूनच करतात. शिपायांनी तर त्याच्याशी बोलणंच टाकलं. ते ओट्याच्या दुसऱ्या टोकाला पाठ करून जेवत. बिनदाराच्या चौकीतून वारा आरपार जाई.

भाकरी रोज येई. कोतवाल पापुद्रा स्वतः सोडवी. तो नीट सुटत नसे, मधेच फाटे. खालची जाड बाजू तशीच उरे. ती तो पाण्यात भिजवून बघे, पण निम्मी टाकावीच लागे. चिमण्या यायच्या आणि ती टिपायच्या. कोतवाल त्यांच्याशी बोले. दिवसभरात त्याचं बोलणं म्हणाल तर तेवढंच.

आपलं चुकलं, असं त्याला एकदाही वाटलं नाही. पण खरं वागल्यानं माणसाचा एकटेपणा कमी होतो, असं कुणी सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

पहिली सुगी सरली, आणि बुरुडाच्या घरचा वार पुन्हा आला.

दुपारी चौकीच्या उंबऱ्याबाहेर कुणीतरी थांबलं. दार नव्हतं, तरी थांबलं. कोतवालानं मान वर केली. हातात नवी टोपली घेऊन धाकटा उभा होता. वाळला होता. हातांवर कामट्यांचे ओरखडे होते. एवढ्या दिवसांत दोघं एकमेकांसमोर आले नव्हते. शिक्षा चालू असलेल्या माणसाला चौकीत बसवायचं नाही, असा नगराचा नेम होता, आणि तो कोतवालानंच आजवर सगळ्यांना पाळायला लावला होता.

"बुरुडाघरचा वार आहे," धाकटा म्हणाला. "बाईंच्या मनगटात लचक भरलीय. त्या घरचे हात म्हणून मला धाडलंय."

"ठेव."

त्यानं पहिली भाकरी काढून कोतवालाच्या हातात ठेवली. कोतवालानं सवयीनं पापुद्रा सोडवायला कडेला नख लावलं, पण नख शिरायला जागाच नव्हती. भाकरी सगळीकडून पातळ होती.

"अंगणातल्या चुलीवर मीच थापलीय," धाकटा खाली बघत म्हणाला. "सगळी पापुद्र्यासारखी केलीय, आबा. आता सगळी चावता येईल."

कोतवालाच्या ओठांवर शब्द आला, बस रे. एवढाच शब्द. पण अजून दोन सुग्या बाकी होत्या. याच्या जागी दुसऱ्या कुणाचं पोर असतं, तर आपण त्याला बस म्हटलं नसतं, हे त्याला ठाऊक होतं.

"बुरुडाची बोटं कशी आहेत?" त्यानं विचारलं.

"दोन वळतात आता. बाकीची नाही वळायची, असं वैद्य म्हणतो." धाकट्याचा आवाज फुटला. "मी रोज बघतो, आबा. रोज."

"बघत जा," कोतवाल म्हणाला. "आता जा. बांबू उन्हात पडला असेल. वाळला तर चिरायचा नाही."

धाकटा गेला. वेशीच्या वळणावर दिसेनासा होईपर्यंत म्हातारा बघत राहिला. मग त्या रिकाम्या चौकीत, बिनदाराच्या उजेडात बसून त्यानं ती भाकरी खाल्ली. डोळ्यांतलं पाणी तिच्यावर पडत होतं. त्या दिवशी चिमण्यांना काही मिळालं नाही.

पुढं त्या नगरात काहीही हरवलं, कुणावर संशय आला, की शिपाईच एकमेकांना म्हणू लागले, "आधी गव्हाण बघा." तेवढ्यावरच कित्येकांची बोटं वाचली. चौकीला मात्र पुन्हा कुणी दार बसवलं नाही. आत काय चाललंय ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतं, आणि तसंच ते दिसावं, असं त्या नगरातल्या बायका वाराच्या भाकऱ्या घेऊन येताना आपल्या मुलींना सांगतात.

तात्पर्य : न्याय करणाऱ्याला एकट्यानं जेवावं लागलं तरी चालेल, पण आपल्या माणसासाठी त्यानं वेगळं माप ठेवू नये.